नाशिकची पहिली वाइन-सहल: सात वायनरींच्या यादीतून कोणत्या ठेवू?

मृण्मयी_कोथरूड

नमस्कार. 24 ते 26 जानेवारी, शनिवार ते सोमवार, आम्ही चौघं पुण्याहून नाशिकला निघतोय. खास वाइनसाठी म्हणून ही पहिलीच सहल. मी आणि नवरा अधूनमधून वाइन घेतो, पण दुकानात जी बाटली ओळखीची दिसेल ती. बहीण 22 वर्षांची आहे, तिला यातलं जवळजवळ काहीच माहीत नाही. मैत्रीण पीत नाही आणि गाडीही चालवत नाही. तिला बाग आणि वाइन कशी करतात ते बघायचंय.

यादी अशी झालीय: शनिवारी दुपारी सुला, संध्याकाळी यॉर्क. रविवारी सकाळी दिंडोरीला शँडन, मग निफाडला रेव्हेलो, मग गंगापूरकडे सोमा. सोमवारी परतताना इगतपुरीकडचे व्हॅलोने आणि ग्रोव्हर झाम्पा.

सात जास्त होतायत हे कळतंय, पण गाळायच्या कोणत्या आणि कशावरून? शिवाय दोन शंका. वाइन चाखायला वय 21 लागतं की 25? आणि टेस्टिंगला घोट घोटच देतात, तर मधे जेवण करून नवऱ्याने गाडी चालवली तर चालेल ना?

सीबीएस_ते_गंगापूर

आधी सोमवार खोडा. 26 जानेवारी ड्राय डे असतो. वायनरीचं फाटक उघडं असलं तरी ग्लासात काही पडणार नाही आणि बाटलीही विकत मिळणार नाही. जानेवारी हा हंगामाचा महिना, त्यात ही जोडसुट्टी, त्यामुळे दरवर्षी बरीच मंडळी तिसऱ्या दिवसाचा बेत याच तारखेवर ठेवतात आणि फाटकावरून परततात. लोकसभा-विधानसभेचं मतदान जवळ असेल तर मतदान संपायच्या आधीचे 48 तासही कोरडे जातात, हे पुढच्या वेळेसाठी.

आता नकाशा. नाशिकच्या वायनरी एका ओळीत नाहीत, शहराच्या चार दिशांना आहेत. पश्चिमेला गंगापूर धरणाच्या बाजूला सुला, यॉर्क आणि सोमा. उत्तरेला दिंडोरी, साधारण पंचवीस किलोमीटर, तिथे शँडन. पूर्वेला निफाड, पस्तीस-चाळीस किलोमीटर, तिथे कुंदेवाडीला रेव्हेलो. नैर्ऋत्येला मुंबई महामार्गावरून आत शिरलं की सांजेगाव-कावनई भागात, मुकणे धरणाच्या परिसरात, व्हॅलोने आणि ग्रोव्हर झाम्पा. तुमच्या रविवारच्या बेतात उत्तर, पूर्व आणि पश्चिम एकाच दिवशी आहे. शहरातून दोनदा आरपार जाल आणि तिसऱ्या ठिकाणी पोचाल तेव्हा शेवटची टूर निघून गेलेली असेल.

नियम सोपा आहे: एका दिवशी एकच दिशा, आणि एका दिवशी जास्तीत जास्त दोन वायनरी. एका ठिकाणी टूर 30 ते 45 मिनिटं, बसून टेस्टिंग तेवढंच, थोडं जेवण, थोडी खरेदी, म्हणजे अडीच तास कुठे गेले कळत नाहीत.

पुण्याहून येणाऱ्यांना एक सोय आहे. सिन्नरहून घोटीकडे रस्ता जातो. नाशिक शहरात न शिरता तिथूनच वळलात तर शनिवारी इगतपुरीची बाजू आधी होते आणि संध्याकाळी महामार्गाने नाशिकला मुक्कामाला येता. मात्र चाकण सकाळी सातच्या आत ओलांडा. तिथे अडकलात तर दुपारच्या जेवणाची वेळ गेलीच.

वयाचं उत्तर: महाराष्ट्रात वाइनला 21. पंचवीस ऐकलंत ते कडक दारूसाठी. बहिणीचं फोटो असलेलं ओळखपत्र बरोबर असू द्या, विचारतात.

गाडीबद्दल मात्र साफ नाही. टेस्टिंगला एक वाइन साधारण 30 मिली देतात. सहा वाइन म्हणजे 180 मिली. 13 टक्क्यांनी धरलं तर त्यात शुद्ध अल्कोहोल साधारण 23 मिली, वजनाने साडेअठरा ग्रॅम. 60 किलोच्या पुरुषाच्या रक्तात हे सगळं उतरलं की 100 मिलीमागे 45 मिलिग्रॅमच्या आसपास जातं. कायद्याची मर्यादा 30 आहे. शरीर तासाला 15 मिलिग्रॅमच्या आसपास उतरवतं आणि जेवणाने फक्त चढायचा वेग कमी होतो. म्हणजे एका टेस्टिंगनंतर लगेच निघालात तरी मर्यादेबाहेर, दोन वायनरी झाल्यावर तर प्रश्नच नको. पहिल्या गुन्ह्याला 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

त्यामुळे दिवसाची गाडी ड्रायव्हरसकट ठरवा. गंगापूर रोडला जाताना अॅपवरची टॅक्सी मिळते. संध्याकाळी तिथून परत यायला मिळेलच असं नाही, आणि इगतपुरीच्या आतल्या रस्त्यांवर तर अजिबात भरवसा धरू नका. गाडी ठरवताना किलोमीटर आणि थांबायचे तास दोन्ही आधी बोलून घ्या. वायनरीच्या सहलीत किलोमीटर कमी आणि थांबणं जास्त असतं, बिल तिथेच फुगतं.

तळातला_गाळ

वरच्या उत्तराने दिशा ठरली. आता प्रत्येक दिशेतली वायनरी कोणती घ्यायची ते बघू.

पहिल्यांदा जाणारे लोक नावाजलेली, चांगले फोटो येणारी ठिकाणं जमवतात. मग तीन ठिकाणी तेच स्टीलचे टँक, तेच शेनिन ब्लाँ (वाइनची पांढरी जात), तेच शिराझ (लाल जात), आणि तिसऱ्या टूरमध्ये सगळे मोबाइल बघत उभे. त्यापेक्षा प्रत्येक वायनरीने आधीच्या वायनरीत न दिसलेलं काहीतरी दाखवलं पाहिजे, या एका कसोटीवर यादी गाळा. तुमच्या सातांना ती लावतो.

सुला: मोठा पसारा बघायला. इथे शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँची लागवड 1997 मध्ये झाली, पहिली वाइन 2000 मध्ये आली आणि 2005 मध्ये टेस्टिंग रूम सुरू झाली. नाशिकला लोक वाइनसाठी यायला लागले ते मुख्यतः यामुळे. टँकच्या रांगा, थंड करायची यंत्रणा, मोठ्या प्रमाणावर काम कसं चालतं ते इथे कळतं. टूर दाखवणाऱ्यांना नवख्यांची सवय आहे, हा मोठा फायदा.

यॉर्क: सुलाच्याच रस्त्यावर, गाडीने काही मिनिटं पुढे. आकाराने लहान, समोर गंगापूरचं पाणी. 2021 पासून मालकी सुलाकडे आहे, पण जागा आणि वाइन वेगळ्या आहेत. मोठ्यानंतर लहान बघायला बरी.

सोमा: मुक्काम, बाग आणि निवांतपणा हवा असेल तर. राहणार तिथेच असाल तर घ्या, नाहीतर फक्त टेस्टिंगसाठी तिसरी म्हणून जोडू नका.

शँडन: इथे मुख्यतः स्पार्कलिंग. बुडबुड्यांची वाइन आवडत असेल तर एकटीच अर्ध्या दिवसाची वायनरी आहे, पण आधी वेळ ठरवल्याशिवाय जाऊ नका.

रेव्हेलो: इटालियन जातींसाठी, नेरो दाव्होला, ग्रिल्लो, सांजोवेझे. शिराझ आणि कॅबर्ने ओळखीचे झाल्यावर या जातींची मजा जास्त येते. दुसऱ्या सहलीला ठेवा.

व्हॅलोने: छोट्या प्रमाणावर, फ्रेंच जातींवर काम. व्हियोन्ये ही पांढरी आणि लाल वाइन चाखा. सुकवलेल्या द्राक्षांची गोड वाइन, व्हँ द पासरियाज, असेल तर ती शेवटी. सोबत छोटं रेस्टॉरंट आहे, जेवणाचं आधी सांगून ठेवा.

ग्रोव्हर झाम्पा: कंपनीचं मूळ बंगळूरजवळच्या नंदी हिल्समध्ये, इगतपुरीची वायनरी झाम्पाबरोबरच्या विलीनीकरणातून आली. व्हॅलोनेच्या परिसरातच असल्याने जोडीला घेता येते. पण शनिवारी सकाळी पुण्याहून निघून दोन्ही करायला गेलात तर दोन्ही घाईत होतील.

माझं मत: शनिवारी व्हॅलोने, रविवारी सकाळी सुला आणि दुपारनंतर यॉर्क. तीन पुरेत.

भुरी_केवडा

बाग बघणाऱ्या मैत्रिणीसाठी दोन शब्द. रस्त्याने दिसणाऱ्या सगळ्या बागा वाइनच्या नाहीत. नाशिक जिल्ह्यातली बहुतेक द्राक्षं खायची आहेत, थॉमसन आणि तिची भावंडं. ती मांडवावर किंवा वाय आकाराच्या सांगाड्यावर, मोठे घड, मोठे मणी, बी नाही. वाइनची बाग सरळ उभ्या तारांवर, कुंपणासारख्या ओळीत. मणी लहान, साल जाड, आत बी. लाल वाइनला रंग आणि तुरटपणा सालीतून येतो, म्हणून मणी लहान असणं फायद्याचं: रसाच्या मानाने साल जास्त. खायच्या द्राक्षाला मणी फुगवायला जिब्रेलिक अॅसिडमध्ये (वाढीच्या संजीवकात) घड बुडवतात. वाइनच्या बागेत नेमकं उलट हवं असतं.

तारीख चांगली निवडलीय. एप्रिलमध्ये खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी), सप्टेंबर-ऑक्टोबरात फळ छाटणी (घडांसाठी), डिसेंबरच्या आसपास मण्यात पाणी उतरतं, म्हणजे मणी मऊ होऊन पिकायला लागतात, आणि जानेवारी ते मार्च तोडणी. वर्षाला छाटण्या दोन, पीक एक. युरोपात वेल थंडीत झोपते आणि उन्हाळ्याच्या शेवटी पिकते; आपल्याकडे पिकणं पावसाळ्यात गेलं तर घड सडतील, म्हणून छाटणीने सगळं चक्र हिवाळ्यावर आणून ठेवलंय. स्पार्कलिंगची द्राक्षं सगळ्यांत आधी निघतात, कारण त्यांना आम्लता जास्त आणि साखर कमी हवी, 17 ते 19 ब्रिक्सच्या (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) आसपास. मग पांढरी. शिराझ त्यानंतर, कॅबर्ने सोव्हिन्यों बहुधा शेवटी, 23-24 ब्रिक्सला. जानेवारीअखेर तुम्हाला पांढऱ्याची तोडणी चालू आणि लाल घड अजून वेलीवर, असं दोन्ही दिसायला हवं. अवकाळी झाला तर मणी तडकतात आणि सगळं आठ-पंधरा दिवस पुढेमागे होतं, तेव्हा निघायच्या चार दिवस आधी फोन करून सध्या कोणती जात तोडताय ते विचारा.

तोडणी पहाटे सुरू होते आणि ऊन चढायच्या आत संपवतात, कारण गरम द्राक्षं क्रेटमध्ये पडली की रस सुटतो आणि नको ते आंबवण सुरू होतं. अकराला पोचलात तर रिकामे क्रेट दिसतील.

न विचारता घड तोडू नका आणि तोडलेला तोंडात घालू नका. केवडा आणि भुरी या बुरशीच्या रोगांसाठी फवारणी होते, शेवटच्या फवारणीला किती दिवस झाले हे बागवाल्यालाच माहीत. ठिबकच्या नळ्या जमिनीलगत असतात, त्यावर पाय देऊ नका. सकाळी दव असतं, मातीत चप्पल रुतते, बूट घाला.

पावसाळ्यात जायचा विचार करणाऱ्यांना: जुलै-ऑगस्टमध्ये वेली हिरव्यागार असतात पण घड एकही नसतो. इगतपुरी तेव्हा फार देखणी, फक्त द्राक्षं बघायच्या आशेने जाऊ नका. फळ छाटणीनंतर लगेच गेलात तर नुसत्या काड्या.

उगाच_एक_शंका

सुला कशाला? रविवारी तिथे जत्रा असते. त्यापेक्षा दोन लहान वायनरी बघा आणि सुलाची बाटली कोपऱ्यावरच्या दुकानातून घ्या.

तळातला_गाळ

चौथ्या सहलीला हे बरोबर आहे. पहिल्या सहलीला मी सुला गाळणार नाही. मोठ्या ठिकाणी टूरच्या ठरलेल्या वेळा असतात, न पिणाऱ्याला करायला बरंच काही असतं, आणि एकाच टेबलावर पुष्कळ जाती चाखता येतात. लहान वायनरीत माणसं जास्त मोकळेपणाने बोलतात, पण त्यांना काय विचारायचं हे कळायला आधी एक मोठी वायनरी बघितलेली बरी.

गर्दीचा इलाज वेळ हा आहे. रविवारी सकाळची पहिली टूर घ्या आणि जेवायच्या वेळेआधी बाहेर पडा. गर्दी दुपारी बारानंतर वाढते. साधारण फेब्रुवारीच्या सुमारास सुलाफेस्ट असतं त्या दिवसांत मात्र वायनरी बघायला म्हणून जाऊ नका. तो संगीताचा महोत्सव आहे आणि रस्ताही भरलेला असतो.

गर्दीचा एक फायदा कोणी सांगत नाही. उघडलेली बाटली हवेने उतरते. गजबजलेल्या रविवारी बाटली अर्ध्या तासात संपते, म्हणजे तुमच्या ग्लासात ताजी वाइन. मंगळवारी दुपारी रिकाम्या टेस्टिंग रूममध्ये जे मिळतं ते कधी कधी दोन दिवसांपूर्वी उघडलेलं असतं. पांढरी वाइन तपकिरीकडे झुकलेली दिसली आणि कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा वास आला तर बाटली कधी उघडली ते विचारा. नवी उघडून देतात, यात भीड नको. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर दोष बुचाचा. तीही बदलून मागा.

मृण्मयी_कोथरूड

सोमवारचं लक्षातच आलं नव्हतं, बरं झालं विचारलं! मग सोमवार फक्त परतीचा ठेवते. सुला आणि यॉर्क एकाच दिवशी, व्हॅलोने शनिवारी.

आणखी विचारते. टूरमध्ये काय बघायचं, काय विचारायचं म्हणजे नुसतं "छान आहे" म्हणून बाहेर पडणार नाही? आणि एका वेळी सहा वाइन चाखल्या तर तिसरीनंतर सगळ्या सारख्याच लागणार नाहीत का?

तळातला_गाळ

लागतील, जर क्रम चुकला आणि सगळी गिळली तर.

क्रम: स्पार्कलिंग, मग कोरडी (म्हणजे गोड नसलेली) पांढरी, रोझे (गुलाबी), हलकी लाल, जड लाल, शेवटी गोड. लाल आधी घेतलीत तर तिचा तुरटपणा जिभेवर बसतो आणि नंतरची सोव्हिन्यों ब्लाँ पाण्यासारखी लागते. गोड आधी घेतलीत तर पुढची प्रत्येक कोरडी वाइन आंबट वाटते. नवख्यांना लाल वाइन "आंबट" वाटण्याचं कारण अनेकदा एवढंच असतं.

एका वाइनचं काम साधारण चार मिनिटांचं. ग्लास दांड्याला धरा, वाटीला नाही, नाहीतर पांढरी हाताने गरम होते. पांढऱ्या टेबलावर तिरका धरून रंग बघा. न हलवता एकदा वास घ्या, गोल फिरवून पुन्हा घ्या. दुसऱ्या वेळी वेगळं काही येतं का ते बघा. मग छोटा घोट, पाच-सहा सेकंद तोंडात सगळीकडे फिरवा. आंबटपणा गालाच्या आत लाळ सोडवतो, तुरटपणा हिरड्या कोरड्या करतो. या दोन गोष्टी वेगळ्या ओळखता आल्या की अर्धं काम झालं. मग थुंका. टेबलावर त्यासाठी भांडं असतं. नसेल तर मागा, तिथे काम करणारे सगळे थुंकतात. प्रत्येक वाइननंतर दोन घोट पाणी आणि साध्या ब्रेडचा तुकडा. खारवलेले काजू आणि मसाला शेंगदाणे टेस्टिंग संपल्यावर.

दोघांनी मिळून एकच टेस्टिंग घेता येतं का तेही विचारा, काही ठिकाणी चालतं. तिघांनी दोन घेतली तर 15-20 मिलीतही वाइन नीट कळते.

थंडपणाही बघा. स्पार्कलिंग 6 ते 8 अंश, पांढरी 8 ते 12, लाल 16 ते 18. लाल वाइन "रूम टेंपरेचरला" म्हणतात ती खोली आपली नव्हे. तीस अंशांची लाल वाइन नुसती अल्कोहोलचा भपका मारते. थोडी गार करून द्या म्हटलं तर त्यात अडाणीपणा काही नाही.

आता टूर. हंगामात जाताय म्हणून आधी विचारा, आज द्राक्षं आत आली आहेत का? आली असतील तर टूर तिथून सुरू करायची विनंती करा. देठ काढायचं यंत्र, मग पांढऱ्यासाठी प्रेस. पांढरी द्राक्षं दाबून रस आधी वेगळा करतात आणि फक्त रस आंबवतात, 14-16 अंशांना, दोन-तीन आठवडे. लाल सालीसकट आंबवतात, 25-28 अंशांना. वायू साल वर ढकलतो, तिचा जाड थर होतो आणि तो रोज रसात बुडवत किंवा वरून रसाने भिजवत राहावा लागतो, नाहीतर वरचं साल सुकून बिघडतं. हे चालू असताना दिसलं तर टूरचे पैसे वसूल.

आंबवण चालू असलेल्या टँकच्या उघड्या तोंडावर वाकून वास घेऊ नका. आत कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो. तो हवेपेक्षा जड, खोलगट जागेत साचतो आणि एका श्वासात भोवळ आणू शकतो.

पिंप बघाल तेव्हा: नेहमीचं ओकचं पिंप 225 लिटरचं, म्हणजे 300 बाटल्या. ओक फ्रेंच की अमेरिकन, आणि पिंप कितव्यांदा वापरताय, एवढं विचारा. नवं पिंप व्हॅनिला आणि भाजकेपणा जास्त देतं. तीन-चार वापरांनंतर ते जवळजवळ नुसतं भांडं उरतं. स्पार्कलिंग करत असतील तर दुसरं आंबवण बाटलीत करता की टँकमध्ये ते विचारा. सुला ब्रूट बाटलीतल्या पद्धतीची आहे. त्या पद्धतीत लिटरमागे साधारण 24 ग्रॅम साखर घालून यीस्टसकट बाटली बंद करतात आणि आत सहा बारच्या आसपास दाब तयार होतो, गाडीच्या टायरमधल्या हवेच्या दुपटीहून जास्त. बाटलीची काच जाड का असते, ते तिथे कळतं.

आणि एक प्रश्न टेस्टिंगच्या टेबलावर: यात उरलेली साखर किती? आपल्याकडच्या बऱ्याच शेनिन ब्लाँ जराशा गोडसर असतात. उत्तर लिटरमागे ग्रॅममध्ये मिळालं तर वहीत लिहा. चारच्या खाली कोरडी, दहा-बाराच्या पुढे गोडवा कळायला लागतो. बहिणीला काय आवडतं हे या एका आकड्यावरून दुकानातसुद्धा शोधता येईल.

सीबीएस_ते_गंगापूर

खाण्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. नाशिकला येऊन मिसळ खाणार हे उघड आहे, पण टेस्टिंगच्या आधी नको. तर्रीच्या तिखटाने जीभ तासभर तरी भाजलेली राहते, त्यावर अल्कोहोल आणखी झोंबतं आणि नाजूक पांढरी वाइन हरवते. मिसळ सोमवारी सकाळी, परतीच्या आधी. टेस्टिंगच्या दिवशी नाश्त्याला इडली, पोहे, अंडी, काहीही सौम्य. पण रिकाम्या पोटी मुळीच जाऊ नका. सुपारी, पान, मिंटची गोळी, अत्तर, केसात मोगरा हे सगळं त्या दिवशी राहू द्या. मोगरा शेजारच्याच्या ग्लासातलाही वास खातो.

बुकिंगला फोन कराल तेव्हा हे एकदम विचारा: टूरच्या वेळा कोणत्या, टूरमध्ये किती वाइन, न पिणाऱ्याला फक्त टूरचे पैसे वेगळे आहेत का, प्रवेशाचे पैसे खाण्यात किंवा खरेदीत वळते होतात का. सुट्टीच्या दिवसाचे दर वेगळे असू शकतात, तारीख सांगून विचारा. पुष्टी मेसेजवर मागून घ्या.

मृण्मयी_कोथरूड

हे सगळं उतरवून घेतलं. शेवटचा बेत: शनिवारी पहाटे साडेपाचला निघून सिन्नर-घोटीमार्गे व्हॅलोने, तिथेच जेवण, टूर, टेस्टिंग. रविवारी पहिली टूर सुला, दुपारी हॉटेलवर आराम, साडेचारला यॉर्क. सोमवारी मिसळ आणि पुणे. शनिवारी आमचीच गाडी आहे, त्यामुळे नवरा त्या दिवशी चाखणार नाही असं ठरलंय (तो तयार झालाय!). रविवारी ड्रायव्हरची गाडी. बाटल्या किती घ्याव्यात? आणि व्हॅलोनेच्या बाटल्या शनिवारपासून सोमवारपर्यंत डिकीत राहिल्या तर काही होईल का?

तळातला_गाळ

डिकीत ठेवू नका. जानेवारीतही उन्हात उभ्या गाडीची डिकी चांगली तापते. वाइन फुगते, बूच वर सरकतं, कडेने गळती होते आणि चव शिजल्यासारखी होते. शनिवारी रात्री बाटल्या खोलीत न्या. सोमवारी थर्माकोलच्या पेटीत, वर्तमानपत्रात गुंडाळून, मागच्या सीटच्या पायाशी, एसी चालू. बर्फ नको, लेबलं भिजतात. घरी फ्रिजच्या वर किंवा ओट्याजवळ ठेवू नका; कपाटाचा तळ बरा. बूच असेल तर आडवी, स्क्रू झाकण असेल तर कशीही.

खरेदी टेस्टिंगच्या वहीवरून करा आणि शेवटच्या ग्लासानंतर लगेच नको, पंधरा मिनिटं बाहेर फिरून या. सहावी वाइन सगळ्यांनाच उत्तम लागते. जी पुण्यात मिळते ती उचलून न्यायचं कारण नाही. फक्त तिथेच मिळणारी, थोड्या बाटल्यांची घ्या. तुम्हा तिघांना सहा बाटल्या पुरे. लेबलवरचं द्राक्षाचं वर्ष बघा: पांढरी आणि रोझे शेवटच्या दोन हंगामांतली असावी, पिंपातली लाल तीन-चार वर्षांची असली तरी चालेल. महाराष्ट्र सोडणार नसाल तरी बिल बाटल्यांबरोबर ठेवा.

सीबीएस_ते_गंगापूर

आणि हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: नाशिकहून पुढे सापुतारा किंवा सुरतचा बेत असेल तर बाटल्या घेऊच नका. गुजरातेत दारूबंदी आहे, महाराष्ट्रातलं बिल तिथे उपयोगाचं नाही.

मृण्मयी, साडेपाच म्हणजे गाडी साडेपाचला हलली पाहिजे. आणि व्हॅलोनेला जेवण एकची वेळ सांगून ठेवा, टूर त्याच्या आधीची. नाहीतर भूक लागलेली माणसं टँककडे बघत नाहीत.